मामाच्या वर माझं नाव

३ फेब्रुवारी. सकाळी ९.
आजपासून दुकानात मॅक. समोरच्या बंडेप्पाच्या प्रेसमध्ये मॅक आल्यापासून तो माझ्याकडे बघून हसतो. आता हस म्हणावं. जुना विंडोजवाला सुनेला दिला. स्नेहाला तेवढा पुरे. संकल्प: आठ दिवसांत सगळे शॉर्टकट पाठ. बावीस वर्षं आळंदमध्ये डीटीपी करतोय, बोटांना सवय आहे.

३ फेब्रुवारी. दुपारी.
बोटांना सवय आहे हाच घोटाळा. कॉपी करायला कंट्रोल सी दाबतो, ढिम्म. पेस्ट करायला कंट्रोल व्ही दाबतो, पान सरकतं आणि दुसरं काही होत नाही. स्नेहा म्हणाली, अप्पा, ह्यात कंट्रोल न्हाई, स्पेसच्या बाजूचं कमांड दाबा. तुला कुणी विचारलं, असं तोंडावर म्हणालो. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी.
स्नेहानं शॉर्टकटची यादी लिहून स्क्रीनला चिकटवली. फाडली. मी काय पहिलीत आहे? संध्याकाळी तुकडे डब्यातून काढून जुळवले, फक्त तिच्या चुका काढायला. चूक नव्हती. अक्षर मात्र वाईट आहे.

७ फेब्रुवारी.
एक फाइल मिटायला कमांड डब्ल्यू दाबायचं होतं, सगळंच बंद करणारं क्यू दाबलं गेलं. सेव्ह करू का, असं मशीननं विचारलं. मी रागात नको म्हणालो. एक बारशाची पत्रिका गेली. गिऱ्हाइकाला सांगितलं, लाइट गेली होती. तो डोक्यावरच्या फिरत्या पंख्याकडे बघत बसला. असली गिऱ्हाइकं बंडेप्पाकडेच जावीत.

१० फेब्रुवारी.
अण्णा आला! माझा सख्खा थोरला भाऊ अंकुशराव, मादन हिप्परग्याहून, सात वर्षांनी. त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत माझं नाव नव्हतं, तेव्हापासून बोलणं बंद. ती बंडेप्पानं छापली होती. अण्णा निरोप पाठवायचा, कॉम्प्युटरवर नाव गळालं. माझं म्हणणं, मुद्दाम गाळलं. कॉम्प्युटर आपणहून नाव गाळतो होय?
आता त्याच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न आहे, ९ मार्चला. मुलगा हळ्ळीखेडचा. पत्रिका दोन्ही बाजूंनी: मराठी बाजू आपल्या लोकांना, कन्नड बाजू तिकडच्यांना. अण्णा म्हणाला, भगवान, ह्या खेपेला पत्रिका तूच कर. मी कोरडेपणानं बघू म्हणालो. रडू आलं होतं. लिहून ठेवतो, इथं कोण वाचतंय.

११ फेब्रुवारी.
अण्णानं दिलेला नावांचा कागद नीट वाचला. निमंत्रकांत सगळ्यांत वर मामा, राघोबा! त्याच्या खाली मी. मुलीचा सख्खा काका मामाच्या खाली? बारशाला पाळण्याची दोरीसुद्धा न आणलेला माणूस माझ्या डोक्यावर? कन्नड बाजू स्नेहाला दिली, तिचं शिक्षण कन्नडमध्ये झालंय. मराठी बाजू मी करणार. माझं नाव उचलून वर बसवणार.

१३ फेब्रुवारी. दुपारी १२.
काम फत्ते. नाव सिलेक्ट, कमांड एक्स. नाव गायब, एका फटक्यात. मग वर जाऊन कंट्रोल व्ही. पान जरा हललं, म्हणजे बसलंच. तेवढ्यात झेरॉक्सवाले आले, म्हणून पुन्हा वर जाऊन बघितलं नाही. सेव्हचं कमांड एस मात्र आठवणीनं दाबलं. मॅक आला मला.

१३ फेब्रुवारी. संध्याकाळी.
स्नेहा म्हणाली, अप्पा, एकदा प्रूफ वाचू का? म्हणालो, कन्नडकडे बघ. अण्णाचा फोन, प्रूफ बघायला येऊ का? म्हणालो, भावाभावांत प्रूफ कसलं! आला असता तर मामाच्या वर माझं नाव बघून बदलायला लावलं असतं. डोकं लागतं.

१८ फेब्रुवारी.
आठशे पत्रिका छापून, पाकिटात घालून झाल्या. अण्णाचा माणूस गठ्ठे घेऊन गेला. पहिली पत्रिका देवाला, म्हणून मी स्वतः गाणगापूरला गेलो. पाकीट पादुकांपुढं ठेवलं आणि मनात म्हणालो, दत्ता, तूच वाच.

२४ फेब्रुवारी.
गावाकडून फोन. चुलतभाऊ विचारतो, तुमचं अजून मिटलं न्हाई व्हय? दुसरा म्हणतो, लग्नाला तरी येणार हाय का न्हाई? जळतात सगळे. नाव वर बघून पोटात दुखतंय. फोन आपटला.

२ मार्च. दुपारी ४.
अण्णा आला. बसला नाही. पत्रिका टेबलावर टाकून म्हणाला, एवढा राग व्हता तर तोंडानं सांगायचं, स्वतःचं नाव कामून काढून टाकलास?
वाचली. वर मामा राघोबा. खाली चुलत काका, आत्या, तीन मेहुणे. मी कुठंच नाही. उलटून पाहिली. कन्नड बाजूला मी आहे, ठळक, अण्णाच्या कागदावर होतो त्याच जागी. म्हणजे हळ्ळीखेडमध्ये मी पल्लवीचा काका आहे आणि मादन हिप्परग्यात नाही.
म्हणालो, अण्णा, आईशप्पथ, कॉम्प्युटरवर गळालं.
 अण्णा म्हणाला, सात वर्षं मी तुला हेच सांगायलो व्हतो, तू ऐकलास का?
आणि गेला. चहा तसाच राहिला.

२ मार्च. संध्याकाळी ७.
दुकानात पंचवीस पत्रिका उरल्यात. मराठी बाजूला सगळ्यांवर पेनानं माझं नाव लिहिलं, मामाच्या खाली. कुणाला द्याव्यात, असं स्नेहाला विचारलं. ती म्हणाली, अप्पा, समद्यांना पोचल्यात की.