माझ्या वाट्याचे निम्मे सूर

ती. निकोलासा मावशीस,

इलारिओनचा साष्टांग नमस्कार (तो चार दिवसांपूर्वी चर्चसमोर गावादेखत घालून झालाच आहे, पण तू तेव्हा सणाच्या चुलीपाशी होतीस). गुडघे कसे आहेत? अल्पाकांना पिल्लं झाली का? मी डोंगर उतरून खाली समुद्रकाठी लिमात सुखरूप पोचलो. म्हणजे, तोंड लपवून पोचलो.

गावकरी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो. तीन वर्षांनी घरी आलो, तर बसमधून उतरताच नर्स एउलालियाने बजावलं की दोन दिवस पडून राहा. मी हसलो. बाई, मी काय समुद्रकाठचा पाहुणा आहे? याच डोंगरावरच्या विरळ हवेत जन्मलो! (बसमध्ये धापा टाकणाऱ्या एका लिमावाल्याला मी चघळायला कोकाची पानं देऊन वर उपदेशही पाजला होता. तो गुमान दोन दिवस झोपला आणि मग सणात नाचला म्हणे.) तासाभरात मी सिकूच्या नळ्यांची बासरी घेऊन मिरवणुकीत! आमचं तुला ठाऊकच आहे: निम्मे सूर सातुर्निनोच्या नळ्यांत, निम्मे माझ्या. त्याने फुंकायचं, मी उत्तर द्यायचं. मी लिमाला गेल्यापासून त्याने माझी जागा कुणाला दिली नव्हती. दुसऱ्याच वळणावर त्याने फुंकलं, आणि माझ्याकडून नुसतं फुस्स. मग तेही नाही. तो बिचारा एकटाच अर्धीमुर्धी धून वाजवत राहिला आणि मी चर्चसमोर सपशेल पालथा.

शुद्धीवर आल्यावर एउलालियाने माझी बिनपाण्याने केली. विरळ हवेत राहिलं की रक्तातल्या तांबड्या पेशी आपल्या आत एक द्रव्य वाढवतात, त्यामुळे त्या प्राणवायू अंगाला हात सैल सोडून देतात. खाली राहायला गेलं की ते द्रव्य घटतं आणि पेशी पुन्हा मूठ आवळतात; परत वर आलं की ते वाढायला दोनेक दिवस लागतात. "पेशींना तुमचं जन्मगाव कळत नाही हो दादा," ती म्हणाली, "हवा कळते." मावशी, मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातुर्निनोच्या तोंडाकडे न बघता दुपारच्या बसने पळालो.

तुझा,
इलारिओन

ता.क. सगळा दोष रक्ताचा, असं गावात सांग.

ता.क. नको सांगू. रक्ताने दोनच दिवस मागितले होते. मीच दिले नाहीत.

ता.क. मावशी, तुला वाचता येत नाही आणि माझी पत्रं सातुर्निनोच वाचून दाखवतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा सातुर्निनो, इथून पुढे मनात वाच. मला तुझी लाज वाटते रे. माझ्या नळ्या अजून कुणाला दिल्या नसतील, तर देऊ नकोस. पुढल्या सणाला आठवडाभर आधी येतो, तुझ्याच दारात पडून राहतो, हसू दे गावाला. आणि मावशीने विचारलं की गप्प का झालास, तर म्हणावं, काही नाही, नमस्कार लिहिलाय.