बोटी बंद असताना व्हेनिस

प्रिय सेवरीना,

रोज फोनवर तुझं तोंड दिसतं आणि तरी हा माणूस पत्र लिहायला बसलाय, म्हणून हसशील. हस. फोनवर तुझ्या मागे तू सांभाळतेस ती म्हातारी सिन्योरा, तुझी मालकीण, हाका मारत असते आणि इथे आपली लेक जॉयसी माझ्या खांद्यावरून डोकावते. नवराबायकोने बोलायचं कधी?

व्हिसा झाला. जुलैत येतो. तोवर पावसामुळे बंदर बंद झालेलं असेल, बोट वर ओढून झावळ्यांनी शाकारली की मी मोकळा. ऐन मोसमात आलो असतो तर पर्यटकांना किल्ल्यावर न्यायच्या फेऱ्यांतली माझी पाळी गेली असती. सत्यवान भागीदार खरा, पण मी निघणार हे कळल्यापासून सगळ्या जेटीवर माझी टिंगल करत फिरतोय. परवा माणसं भरलेल्या बोटीत सगळ्यांसमोर म्हणाला, "होडयेत जन्म गेलो तुझो, आणि आता पैसे दिवन परत होडयेतच बसाक चललंस?" पुण्याची माणसं होती, तीही हसली. 

काय काय बघायचं ते जॉयसीने मोबाईलवर शोधलं. मोठा मनोरा, चर्च, काच फुंकतात ते बेट. कुठल्या दिवशी काय, ते मात्र मी ठरवलं, आणि तिथेच माती खाल्ली. सवयीने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, प्रत्येक दिवसाची तिथी बघितली आणि तिच्यावरून भरती-ओहोटी मांडली. कुठल्या वेळी होडी पुलाखालून जाईल, कुठल्या वेळी गाळात बसेल, सगळं. पौर्णिमेला तर फिरणंच ठेवलं नाही, म्हटलं उधाणात कशाला बाहेर पडा. जॉयसी पोट धरून हसली. तिथे म्हणे आपल्या निम्म्यानेही पाणी चढत नाही आणि वेळाही आपल्याशी जुळत नाहीत. दोन संध्याकाळींची मेहनत पाण्यात. आता तू नेशील तिकडे येईन.

त्या काळ्या होड्या मात्र मला जवळून बघायच्या आहेत. एका अंगाला कललेली होडी, एकच वल्हं, तेही उभ्याने मारायचं, आणि तरी सरळ जाते. कशी जाते ते व्हिडिओत बघून कळत नाही. तिथल्या कुणाला विचारून ठेव, हातात वल्हं देतील का म्हणून.

लग्नाआधी तुला किल्ल्यावर नेलं होतं ते आठवतं का गो? डोळे घट्ट मिटून माझी बाही धरून बसली होतीस, आणि उतरल्यावर म्हणालीस, "माका परत पाण्यात घालू नको." आता तूच बोटीने भाजी आणायला जातेस, बोट चुकली तर पुढची कितीला आहे ते तोंडपाठ सांगतेस. सांगताना तुझा आवाज मोकळा असतो. इथल्या गोष्टी विचारतेस तेव्हा तसा नसतो. हे मी बरेच दिवस ऐकतोय.

जॉयसीच्या शिक्षणासाठी म्हणून तू गेलीस. ती आता कुडाळच्या शाळेत शिकवते, तिचा पगार सुरू झाला. नाताळला कायमची येते म्हणालीस. मग ईस्टरनंतर. मग सिन्योराचा गुडघा बरा झाला की. आणि एके दिवशी एकदम म्हणालीस, तूच ये, व्हेनिस बघून जा. बघून जा म्हणालीस, मला घेऊन जा म्हणाली नाहीस. चर्चच्या दारात बायका विचारतात, सेवरीना कधी येतली? मी येतली, येतली म्हणतो आणि स्कूटर सुरू करतो.

म्हणून हे पत्र. फोनवर विचारलं की तू विषय बदलतेस आणि मीही बदलू देतो, कारण मला भीती वाटते. मला व्हेनिस बघायचंय हे खोटं नाही. पण पहिला दिवस रिकामा ठेव. मनोरा नको, बेट नको. तू राहतेस ती खोली दाखव, बाजार करतेस ती गल्ली दाखव. मग कुठेतरी बसू आणि माझ्याबरोबर परत येणार की नाही ते सांग. येणार नसशील तर मी आरडाओरडा करणार नाही. वाईट वाटेल, फार वाटेल, तरी उरलेले दिवस तुझ्याबरोबरच फिरेन. तिथे मला दुसरं आहे कोण? फक्त एक कर. विमानतळावर न्यायला येशील तेव्हा लगेच काही सांगू नकोस. आधी एकदा तुला नीट बघू दे.

तुझाच,
डॉमिंगो