नदीपात्रातला नमस्कार

४ मार्च
जिवंत आहोत, एवढेच निश्चित. विमान उलटे, आम्ही कंबरपट्ट्यांना लोंबकळत, मस्तकाखाली नदीपात्रातले गोटे. जावईबापूंचे मनगट मोडले. माझ्या कपाळाला टेंगूळ. मेंढपाळांच्या वस्तीसाठी नेत असलेली औषधे सर्वत्र विखुरलेली. धावपट्टी नाही तिथे उतरणे हा जावईबापूंचा नित्याचा उद्योग. वीस वर्षांत चाकसुद्धा घसरले नव्हते.
माझे स्तोत्र संपले आणि आदळलो. त्यानेच तारले, अशी माझी श्रद्धा.

७ मार्च
चौकशी अधिकारी घरी आले. जावईबापू एवढेच म्हणाले, "माझा अंदाज चुकला." मान खाली. उतरण्यापूर्वी दोन घिरट्या घालून एकेक दगड न्याहाळणाऱ्या माणसाचा अंदाज चुकतो कसा? लेकीला विचारले.
"बाबा, तुम्ही आराम करा ना."

८ मार्च
जपात मन लागत नाही. आकडा दोनदा चुकला.

११ मार्च
विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये गेलो. मेस्त्री म्हणाला, "आजोबा, चाकं नंतर टेकलीत, नाक आधी. शेवटच्या क्षणी विमान चालवायचा दांडा पुढे रेटला गेलाय, तो रेटला की नाक खाली जातं."
"जावईबापू असे कशाला करतील?"
"दांडे दोन असतात, एकमेकांना जोडलेले. एक हलला की दुसरा हलतो. तुमच्या पुढ्यातही होता की एक. हात लावलात?"
नाही. माझे हात जोडलेले होते, हे शपथेवर सांगतो.
घरी येऊन खुर्चीत बसलो, डोळे मिटले, स्तोत्र म्हटले. शेवटच्या शब्दाला देह नमस्काराला आपसूक वाकला. साठ वर्षांची सवय. छाती गुडघ्यांना टेकली.
विमानात दांडा गुडघ्यांच्या मध्येच होता.

१२ मार्च
ज्या स्तोत्राने तारले म्हणालो, त्याच्याच नमस्काराने पाडले? की दोन्ही खरे? पोथी उघडली, मिटली. जावईबापू मला पाठीशी घालताहेत, एवढे मात्र उमगले. हे ओझे मला पेलवणार नाही.

१४ मार्च
अधिकाऱ्यांना सर्व सांगितले. ते लिहिता लिहिता थांबले.
"खांद्यावरचा पट्टा बांधलेला असला तर माणूस इतका वाकूच शकत नाही, काका."
"तो गळ्याला काचत होता. मीच म्हटले, काढतो."
"आणि काढू कोणी दिला?"
खोटे बोलण्याचा अभ्यास नाही. सांगितले.

२९ मार्च
पत्र आले. प्रवाशाला पट्टा काढू दिला म्हणून जावईबापूंचा परवाना कायमचा रद्द. लेक भांडी विसळत होती, पाठमोरीच म्हणाली, "अंदाज चुकला म्हणून यांना दोन महिने घरी बसवणार होते. फक्त दोन महिने. हे तुमच्यासाठी नव्हते गप्प बसले, बाबा."