वालूरच्या फेरीतले अकरा जण

परभणी, सोमवार

आदरणीय मुंजाजी दाजी यांस शिवशंकरचा रामराम. तुमची, बबिताची आणि लेकरांची तब्येत चांगली असेल असं धरून चालतो. (फोनच केला असता, पण तुम्ही "मीटिंगमधी हाय" म्हणून ठेवून देता. पत्राला तसं करता येत नाही.) माझं म्हणाल तर अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा डावा गुडघा गप्प आहे, आणि त्याचं कारण सांगायलाच हा पसारा.

महिन्यापूर्वी आमच्या डेपोत बॅटरीवरची बस आली आणि वालूरच्या फेरीवर मला दिली. तिला क्लच नाही, गिअर नाही. पाय सुखावला, पण डाव्या हाताला हे अजून पटलेलं नाही. तो दर चढाला गिअर धरायला जातो आणि हवेत लटकत राहतो. परवा पुढच्या सीटवरच्या आजीबाईंना वाटलं, ड्रायव्हर काहीतरी मागतोय. त्यांनी तळहातावर मूठभर भाजके शेंगदाणे ठेवले. (खाल्ले. वाया कशाला घालवायचे?) शिवाय ही गाडी आवाजच करत नाही. जुनीचा खडखडाट वेशीबाहेरून ऐकू यायचा, मग लोक निवांत चहा संपवून यायचे. ही येऊन उभी राहते, निघूनही जाते, आणि लोक डेपोत फोन करतात की गाडी आलीच नाही. म्हणून आता मी फाट्यापासूनच हॉर्न वाजवत येतो.

खरी अडचण मात्र चार्जिंगची. साहेबांनी पंधरा दिवसांची चाचणी लावली आहे, ती शनिवारी संपते. एक दिवस जरी बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली घेऊन परतलो, तर ही गाडी दुसऱ्या मार्गावर जाणार आणि मी पुन्हा जुन्या क्लचवर. इकडे ऊन त्रेचाळीसवर. वालूरला अर्धा तास थांबा असतो, एसी चालू असतो, म्हणून पारावरची मंडळी पत्ते घेऊन गाडीत येऊन बसतात. कुठेही जायचं नसतं. आमची कंडक्टर निकिता तिकीट विचारायला गेली की म्हणतात, "जायचं न्हाई पोरी, बसलोय जरा." असे अकरा जण. दार सारखं उघडझाप, गारवा बाहेर आणि बॅटरी खाली. काल एकवीस टक्क्यांवर डेपो गाठला. मला घाम फुटला, तोही एसीत.

तुम्ही म्हणाल, उठव की सगळ्यांना. ते जमत असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? असो. थोरांना नमस्कार, लेकरांना पापा.

तुमचा,
शिवशंकर

ता. क. त्या अकरा जणांचे पुढारी तुमचे वडील, सटवाजीमामा आहेत. बहिणीच्या सासऱ्यांना सीटवरून उठवून मी कुठं तोंड दाखवू? तेव्हा त्यांना शनिवारपर्यंत पुण्याला बोलावून घ्या. एवढ्यासाठीच हे पत्र. (बबिताला सांगू नका.)

आणखी ता. क. आज मंगळवार. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज थांब्यावर मी एसी बंद केला आणि बिघडलाय म्हणून सांगितलं. वाटलं, पाच मिनिटांत पांगतील. एकजणही हलला नाही. अकराही जण उपरण्यानं वारा घेत, घामाघूम होऊन बसून राहिले. शेवटी मीच मामांना म्हणालो, घरी पंख्याखाली जा की. तर कानाशी येऊन म्हणाले, "आवो, गाडी रिकामी दिसली तर सायेब बंद करतील म्हणं. तुमचा गुडघा लय दुखतो, सूनबाईनं सांगितलंय आमाला. म्हणून रोज गोळा करून आणायलोय ह्यांना."

दाजी, मी नुसता आरसा पुसत बसलो. संध्याकाळी गाडी तीस टक्क्यांवर परतली. मामांना पुण्याला बोलावू नका. शनिवारपर्यंत थांब्यावरचा एसी बिघडलेलाच राहील. तुम्ही फक्त अकरा हातपंखे पाठवा.