उपास मी धरलाच नव्हता

८ नोव्हें., शनिवार
आज आई आली माझ्याबरोबर घाटकोपरला, थेरपीला. पहिल्यांदाच. नीलिमा मॅडमनी (यापुढे नी. मॅ., दर वेळी एवढं कोण लिहील) नेहमीसारखं विचारलं, कुठल्या खुर्चीत बसाल, दार लोटू का उघडं ठेवू, हे विचारलं तर चालेल का. आई माझ्या कानात, "ही ट्रीटमेंट देते की पाहुणचार करते?" हसू आलं. पण मी तिथे टिकले ती याचमुळे. कुणी काही अंगावर ढकलत नाही.

'इटिंग डिसऑर्डर' हा शब्द आईच्या तोंडून अजून निघत नाही. "हिचं ते जेवणाचं" म्हणते. चालेल. नी. मॅ.नी तिला सांगितलं, हिच्या अंगावरून, ताटावरून बोलू नका आणि हिला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नका. आई रडली. "माझ्या लेकीची शपथ," म्हणाली.

मुलुंडला उतरून दोघींनी इडली खाल्ली. मी पूर्ण. घरी आल्यावर तिने वजनकाटा आपणहून भंगारवाल्याला देऊन टाकला. आई माझ्या बाजूने आहे. हे लिहितानाही बरं वाटतंय.

१६ नोव्हें., रविवार
बोरिवलीचे लोक मला बघायला आले. निखिल आणि त्याची आई. निखिल बरा आहे, फोनवर होता तसाच. पोहे झाले, चहा झाला. मग काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, माझं मनगट हातात घेतलं. "सोळा सोमवार, संकष्टी, सगळं करतेस म्हणे! म्हणून अशी बारीक. हल्लीच्या मुलींना कुठे गं असलं जमतं?"

मी आईकडे बघितलं. आई कपबश्या गोळा करत होती.

मी आयुष्यात सोमवार केलेला नाही.

काकूंचं पुढे, "आता मार्गशीर्षातले गुरुवार आपण सासू-सुना मिळून करू. तू इकडे, मी तिकडे." लग्न ठरलंसुद्धा यांच्या मनात!

ते गेल्यावर आईला विचारलं, असं का सांगितलंस. तर म्हणते कशी, "खोटं काय बोललंय मी? जेवत नव्हतीस ना? मग उपासच झालो ना तो." अडचणीत आली की तिची मालवणी सुटते.

१७ नोव्हें.
ऑफिसात लक्ष नाही. जाताना मालाडपर्यंत रिक्षात आईशी मनातल्या मनात भांडले. ज्याने माझे केस गळले, पाळी बंद झाली, बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, ते हिने पुण्य म्हणून विकलं. फसवलं मला. दुसरा शब्द नाही.

आणि एक गोष्ट इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. काकूंनी मनगट धरून कौतुक केलं ते मला आवडलं होतं. क्षणभर. म्हणून जास्त भीती.

२२ नोव्हें., शनि.
नी. मॅ.ना सगळं सांगितलं. मला वाटलं आईवर चिडतील. नाही चिडल्या. मला चिडलेल्या हव्या होत्या. म्हणाल्या, "तुला राग आलाय, तो बरोबर आहे. तो आवरायची घाई नको." मग उपासाचं. देवाच्या नावाने असो नाहीतर पाहुण्यांच्या, सध्या माझ्यासाठी उपाशी राहणं म्हणजे जुन्या रस्त्याला लागणं. एक दिवससुद्धा. "पण ठरवणार तूच. मी बरोबर आहे."

आईला घरी स्पष्ट सांगितलं, गुरुवार करणार नाही. "बरं," म्हणाली. इतक्या पटकन?

२७ नोव्हें., गुरुवार
घरून काम. आईने घट मांडला, पूजा केली, तिचा उपास. मी दुपारी वरणभात घेऊन बसले. बेल वाजली. आईने दाराच्या भिंगातून बघितलं, धावत आली आणि माझ्यासमोरचं ताट उचललं. घास माझ्या हातात. "त्या इलेत! तोंड पूस!" ताट आत ओट्यावर झाकून ठेवलं.

काकू घटाला वेणी घेऊन आल्या होत्या. "उपास ना गं?"

मी हो म्हटलं.

लहानपणी बाबा ताट उचलायचे. मार्क कमी पडले, उलट बोलले, की समोरचं ताट आत. आई दारात उभी राहून बघायची. नी. मॅ.कडे मी इतके महिने बाबांबद्दल बोलतेय. आईला कायम वगळून बोलले. ती बिचारी, तिच्या हातात काय होतं, असं. आज हात तिचाच होता.

संध्याकाळी नैवेद्यही खाल्ला नाही. आईने दोनदा वाढलं. नको म्हटलं आणि आत कुठेतरी जिंकल्यासारखं वाटलं.

२८ नोव्हें.
आजही नाही. चहा फक्त. डोकं हलकं. हे माझ्या ओळखीचं आहे, वाट लागणार आहे माझी.

२९ नोव्हें., शनि.
गेले. जायचं नव्हतं. वाटलं, ओरडतील. नी. मॅ.नी सगळं ऐकून विचारलं, "आत्ता कुठून सुरुवात करायला जमेल?" म्हटलं, माहीत नाही. त्यांनी आपला डबा काढला, पोळी आणि भेंडी. "मी जेवते, तू बस. वाटलं तर घे." बराच वेळ बसले. मग अर्धी पोळी घेतली. खाताना रडत होते, नी. मॅ. भेंडीबद्दल बोलत राहिल्या.

आई खाली थांबली होती. नी. मॅ.नी विचारलं, "तिला आत बोलवायचं का? तुझी मर्जी." नको म्हटलं. तिच्या शपथेचं काय झालं ते आम्ही तिघींनी बघितलंय.

२ डिसें.
भांडण. पूर्ण, मोठ्या आवाजात. मी म्हटलं, बाबा करायचे तेच केलंस तू. आई भाजी निवडायची थांबली. "तुझो इलाज चाललोहा कळला तर कोण सून करतला तुका? मी किती वर्षां पुरतलंय?" मग म्हणाली, "तुझा ताट उचलल्यावर मी तरी खंय जेवलंय कधी? इचारलंस तू?"

नव्हतं विचारलं. मला माहीतच नव्हतं. वाईट वाटलं. पण राग तसाच आहे. तू उपाशी राहिलीस, पण मला घास आणून दिला नाहीस ना गं.

हे तोंडावर बोलले नाही.

४ डिसें., गुरुवार
दुसरा गुरुवार. सुट्टी टाकली. दुपारी स्वतः वाढून घेतलं, भात, आमटी, बटाट्याची भाजी. भूक नव्हती. भीती होती. तरी बसले.

फोन वाजला. आईचा, पलीकडे काकू. आई बोलत बोलत बाहेर आली, मला जेवताना बघितलं. फोनवर हात दाबून म्हणाली, "एकदाच. हो म्हण फक्त. लगीन होऊंदे, मगे तुका कोण काय इचारूक येणा नाय." आणि फोन माझ्यापुढे धरला. मी तिला एवढी घाबरलेली कधी बघितली नव्हती.

तोंडातला घास चावून गिळला. मग फोन घेतला.

"काकू, मी जेवतेय. माझा उपास नाही. सोमवारही कधी केले नाहीत. मला जेवणाचा आजार आहे, त्याची ट्रीटमेंट चाललीय."

मग काकू, "तुझ्या आईला दे जरा." दिला.

आई फोन घेऊन आत गेली. दार लावून घेतलं. काय बोलतेय ते ऐकू येत नाही.

मी अजून ताटावरच आहे, डाव्या हाताने हे लिहितेय. अर्धा भात उरलाय.