शेवटच्या बाकावर ऐकू आलेला बेस

रविवार, संध्याकाळ, वटार

आज चर्चमध्ये मिस्साला माझ्या शेरिलने तिच्या पप्पांची बेस गिटार पिकने वाजवली. सकाळी मी ओरडलेच होते. पप्पा जन्मभर बोटांनी वाजवायचे, तुला हा प्लास्टिकचा तुकडा कशाला? लेक म्हणाली, "मग तूच वाजव, मम्मी. मी ठेवते परत पेटीत." मी घाबरलेच. तिचे पप्पा, आंतोन, गेल्यापासून दोन वर्षं ती गिटार पेटीतच होती.

आणि गायनमंडळाने सुरुवात केली तेव्हा शेवटच्या बाकावर मला तो खालचा सूर स्पष्ट ऐकू आला. एकेक ठोका वेगळा. पिकने सूर टणक येतो, बोटांनी मऊ, हे पुस्तकात वाचलं होतं. पण वाचून काय कळतं?

आंतोनचा सूर मला कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. दर रविवारी ते मला विचारायचे, "कसं वाजलं गं?" मी म्हणायचे, "झकास!" खोटंच की.

घरी येताना शेरिलला हे कबूल केलं. ती हसतच सुटली. "पप्पांना माहीत होतं! म्हणायचे, तुझ्या मम्मीला काही ऐकू येत नाही, पण ती झकास म्हणते ना, म्हणून वाजवतो."

कधी सांगितलं असेल त्यांनी तिला? देवा, तुझे उपकार. आज हे कळलं.