देवूला मोकळा सोडू नये

तारापूर
दि. २३ जानेवारी १९६७

ती. स्व. नरहरीमामा यांस,
विश्रामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, माझी प्रकृती ठणठणीत आहे. वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटरचं काम जोरात चालू आहे. मेसमधली मासळीची आमटी सोडली तर तक्रार नाही.

एका संकटात सापडलो आहे. आमच्या साईटची फुटबॉलची टीम अंतिम सामन्यात पोचली. सामना पाच फेब्रुवारीला, रविवारी, पालघरला, तिथल्याच टीमशी. बाबांनी मागच्या खेपेला सरळ सांगितलं, की रविवारी पानवेलीच्या वाडीतली पाण्याची पाळी सोडून पोरगा चेंडू लाथाडतो हे आता पुरे झालं. पाच तारखेला ते स्वतः बघायला येणार आहेत. खेळात काही दम दिसला तर ठीक, नाही तर दर रविवारी वाडीत हजर व्हायचं आणि बूट कोणाला तरी देऊन टाकायचे. बाबांचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे.

मी आहे हाफबॅक. पुढे फॉरवर्ड, मागे बॅक, आणि मधल्या पट्ट्यात मी. गोल करतो आमचा रामकिसन, टाळ्या त्याला. बाबांना माझं काय दिसणार? म्हणून आमचा कॅप्टन एकनाथ याला म्हटलं, की एकच दिवस मला पुढे खेळव. तो नाही म्हणाला. मागच्या सामन्यात मी मनानेच पुढे धावलो होतो, आणि माझ्या रिकाम्या जागेतून त्यांनी गोल घातला. जिंकलो ते नशिबाने. तरी वाटतं, बाबांसमोर एकदा जावंच पुढे. तुम्ही मुंबईत गिरणीच्या टीममधून हाफबॅकच खेळलात. काय करू ते कळवा.

मामींना नमस्कार. भाच्यावर लोभ आहेच, तो पाच तारखेपर्यंत तरी आटू देऊ नका.

आपला,
विश्राम


माहीम
(ता. पालघर)
दि. २७ जानेवारी १९६७

चि. विश्राम यास,
नरहरीमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून तुझा कान पिळावासा वाटला, पण मधे दहा-बारा कोस आहेत.

अरे गाढवा, एकनाथ बरोबर बोलला. मी तुझ्याएवढा असताना हाच शहाणपणा केला होता. आमच्या गिरणीचे साहेब सामन्याला आले, म्हणून जागा सोडून पुढे गेलो आणि गोल मारला. साहेबांनी पाठ थोपटली. मागे माझ्या जागेतून दोन गोल झाले आणि आम्ही हरलो. त्या गोलाची आजही लोक मला आठवण करून देतात. ते दोन मात्र माझे मलाच आठवतात, आणि अजून घास कडू होतो.

आता नीट ऐक. चेंडू तुझ्याकडे येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेव. आल्यावर बघणारा फसलाच. समोरच्याच्या पायांकडे बघू नकोस, पाय लबाड असतात. कमरेकडे बघ, माणूस वळायचा तिकडे आधी कंबर वळते. प्रत्येकाची एक आवडती बाजू असते, पहिल्या दहा मिनिटांत ती हेरायची आणि तिथेच जाऊन उभं राहायचं. उगाच जमिनीवर लोळण घेऊन चेंडू काढू नकोस. लोकांना ते आवडतं, पण आडवा पडलेला हाफबॅक काय कामाचा? चेंडू मिळाला की जवळच्या आपल्या माणसाला सोपा करून दे. बाकीचे पिसाळल्यासारखे पुढे धावतील तेव्हा तू जागेवर राहा. हे सगळ्यांत अवघड. मला ते तिशीत जमलं आणि तेव्हा गुडघा गेला.

पालघरच्या टीममध्ये देवू म्हणून एक फॉरवर्ड आहे. त्याचं नाव माहीमपर्यंत आलंय. तोच तुझ्या वाट्याला येणार.

बाबांचं मी बघतो असं म्हणवत नाही. माझे मेहुणे असले तरी माणूस मोठा कठीण. तू आपली जागा बघ.

मामी सुकट पाठवतेय. मेसमध्ये एकट्याने खा, वाटत बसू नकोस.

तुझा मोडक्या गुडघ्याचा,
नरहरीमामा


तारापूर
दि. ६ फेब्रुवारी १९६७

ती. स्व. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल जिंकलो. एक-शून्य. रामकिसनने शेवटी शेवटी गोल घातला, त्याला खांद्यावर घेऊन पोरं पालघर स्टेशनपर्यंत नाचली. उमरोळी स्टेशन गेलं तरी गाडीच्या डब्यात आरडाओरडा चालू होता.

मी जागा सोडली नाही. दोनदा समोर रान मोकळं होतं, बाबा बसले होते त्याच बाजूला. पाय शिवशिवले, पण नाही गेलो. माझं नाव एकदाही कोणी घेतलं नाही. सामना संपल्यावर बाबांना शोधलं तर ते एसटी गाठायला निघूनही गेले होते. एक शब्द न बोलता गेले, मामा. मला फार वाईट वाटलं. बूट पुसून ठेवले आहेत. रामकिसनच्या भावाला होतील.

तुमचं ऐकलं याचा राग नाही. थोडा आहे. तो लहानपणीच्या लाडांत वळता करून घ्यावा.

आपला,
विश्राम


माहीम
दि. ९ फेब्रुवारी १९६७

चि. विश्राम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बूट कोणाला देऊ नकोस.

काल तुझ्या घरी गेलो होतो. भावजी ओटीवर सुपारी कातरत होते. सामना कसा झाला विचारल्यावर जे तोंड सुटलं! म्हणाले, बाकीची पोरं घाम गाळत होती आणि आमचा नुसता मुकादमासारखा फिरत होता, सगळ्यांत आळशी तोच. तुझी आई, आमची रखमाताई, डोळ्यांना पदर लावून आत गेली. मग भावजी म्हणाले,

"आनि तुमचा तो देवू! एवढा गाजावाजा केला. त्यानं तरी काय केलं? आख्ख्या सामन्यात त्याला चेंडूच गावला नाय. दोघंपन सारखेच."

मला हसू आवरेना. भावजी चिडले. मी म्हटलं, देवूने आधीच्या तीन सामन्यांत सात गोल घातलेत. परवाच्या सामन्यात त्याला चेंडू का गावला नाही, याचा विचार करा. आणि वाडीत पाट फुटायच्या आधीच तुम्ही तिथे मातीचं ढेकूळ लावून उभे असता, तेव्हा लांबून बघणाऱ्याला तुम्हीही रिकामेच दिसता.

भावजींची सुपारी कातरायची राहिली. अडकित्ता तसाच हातात. मी उठून आलो. आज सकाळी रखमाताई सांगत होती, की रात्री जेवताना तीनदा विचारलं, तो देवू पालघरमध्ये कुठे राहतो म्हणून. आता याचा अर्थ मला विचारू नकोस.

मामीचे आशीर्वाद. राग वळता करून घेतला आहे.

तुझा,
नरहरीमामा


माहीम
१० फेब्रुवारी

चि. विश्राम यास आशीर्वाद.

आमी खुशाल हाय. तुझी आई बरी हाय. पानवेलीला पाणी नीट चाललं हाय.

रविवारी येऊ नये. पाळी मी बघीन.

पुढल्या महिन्यात परत पालघरवाल्यांशी गाठ हाय असं नरहरी म्हनतो. तो देवू वळताना डाव्या अंगालाच वळतो. सात वेळा वळला, सातही वेळा डावीकडं. तू बघितलंच असशील. तरी ध्यानात ठेव, मोकळा सोडू नको.

आईनं लोणचं केलं हाय. मी येताना ग्राउंडावर घेऊन येईन.

दिनानाथ